दिग्दर्शकाच्या मागावर : एका अभ्यासाची प्रस्तावना

१९७५च्या ऑगस्टात गुलबर्गा जिल्ह्यातल्या खेड्यांत उपग्रहावरून थेट दूरदर्शन आलं. ‘साइट’ या नावानं ओळखला जाणारा तो प्रयोग वर्षभर चालला. सहा राज्यांतली सुमारे २,४०० खेडी त्यात होती आणि कर्नाटकातून विजापूर, गुलबर्गा, रायचूर हे तीन जिल्हे निवडले होते. अक्कलकोट तालुक्याची शीव गुलबर्ग्याच्या शिवेला भिडलेली. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं खरं, पण मुंबईचं चित्र सोलापूर जिल्ह्याच्या या टोकाला दिसू लागण्याआधी शेजारच्या कानडी मुलखात लोक संध्याकाळी टीव्हीपुढे गोळा होत होते.

दिग्दर्शकांवरच्या अभ्यासाची प्रस्तावना टीव्हीच्या नकाशापासून सुरू करण्याला कारण आहे. आपल्याकडे दिग्दर्शकाची कारकीर्द लिहिली जाते ती बहुतेकदा शिवाजी मंदिर किंवा बालगंधर्व रंगमंदिराच्या पहिल्या पाच रांगांत बसलेल्या माणसाच्या नजरेनं. त्या माणसानं पहिला प्रयोग पाहिलेला असतो, नटाला आत जाऊन भेटलेलं असतं, परीक्षण वाचलेलं असतं. अक्कलकोटच्या माणसाला तेच नाटक तीन-चार वर्षांनी सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिरात दौऱ्यावर भेटतं, तेही निम्म्या नेपथ्यासह आणि बदललेल्या संचासह. कधी ते थेट टीव्हीवरच येतं. अशा प्रेक्षकाला दिग्दर्शक कळलाच नाही असं समजायचं काही कारण नाही. उलट, एकच काम वेगवेगळ्या रूपांत पाहणाऱ्यालाच त्यातलं दिग्दर्शकाचं काय आणि नटाचं काय, हे वेगळं काढता येतं. ही प्रस्तावना त्या प्रेक्षकासाठी आहे. तुम्ही एम.ए.चे विद्यार्थी असा, शाळेचं स्नेहसंमेलन बसवणारे सर असा, की राज्य नाट्य स्पर्धेच्या संचात विंगेत उभं राहून दुसऱ्याच्या नकला पाठ करणारे असा, या, बसा. इथे येण्यासाठी मोठी पूर्वतयारी लागत नाही. नाटक पाहण्याची आवड आणि थोडा चिवटपणा पुरतो.

आधी एक गैरसमज दूर करू. दिग्दर्शक नावाचा स्वतंत्र माणूस मराठी रंगभूमीवर पहिल्यापासून नव्हता. कारवार भागातल्या कर्कीच्या भागवत मंडळींचा कानडी खेळ सांगलीत झाला. तो पाहून तिथले संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांनी विष्णुदास भाव्यांना तसं काही मराठीत करायला सांगितलं आणि १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ उभं राहिलं. म्हणजे मराठी नाटकाच्या जन्मालाच कानडी खेळाचं निमित्त आहे. सीमेवरच्या वाचकाला हे पाठ असायला हवं, कारण पुढे आपण पुन्हा त्याच रस्त्यानं जाणार आहोत. भाव्यांच्या नाटकात सगळा कारभार सूत्रधाराकडे. पुढे कंपन्या आल्या आणि तालीम मास्तर आला. किर्लोस्कर मंडळीत गोविंद बल्लाळ देवल तालीम देत असत आणि बालगंधर्वांसारखा नट त्यांच्या हाताखालून गेला. तालीम मास्तर उच्चार घोटून घेई, पदातला भाव समजावी, उभं राहायला शिकवी. पण अख्ख्या प्रयोगाला एक अर्थ आहे, नेपथ्य, उजेड, हालचाल, शांतता हे सगळं त्या अर्थाकडे वळवायचं आहे, ही जबाबदारी त्याच्यावर नसे. ती कल्पना ठळकपणे दिसते १ जुलै १९३३ला, ‘नाट्यमन्वंतर’च्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात. दिग्दर्शक केशव नारायण काळे. तेव्हापासून मोजलं तरी हा पेशा अजून शंभरीला पोचलेला नाही.

शंभरीही न गाठलेल्या पेशाचा अभ्यास करायचा तर कुणाला धरून करावा? माझं उत्तर ठरलेलं आहे: विजया मेहता. त्यांच्याइतकी सलग, कागदावर आणि पडद्यावर खुणा ठेवलेली कारकीर्द मराठीत दुसरी नाही. शिवाय रंगमंच आणि टीव्ही या दोन्ही माध्यमांत त्यांनी एकाच कथावस्तूवर काम केलेलं आहे. अभ्यासकाला याहून मोठी सोय कोणती?

विजयाबाई, माहेरच्या जयवंत, १९३४ साली बडोद्यात जन्मल्या. मुंबईत इब्राहिम अल्काझी आणि आदी मर्झबान यांच्याकडे त्या शिकल्या. ही दोन नावं शेजारी ठेवून पाहा: अल्काझी म्हणजे शिस्त, पाश्चात्त्य अभिजात नाटक, चित्रकाराची नजर, मर्झबान म्हणजे पारशी-गुजराती प्रेक्षकाला पोट धरून हसवणारा पक्का व्यावसायिक. विजयाबाईंच्या पुढच्या कामात प्रायोगिक आणि व्यावसायिक अशी भिंत फारशी का दिसत नाही, याचं एक कारण मला इथे दिसतं. १९६० साली त्यांनी विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे, श्रीराम लागू यांच्यासोबत ‘रंगायन’ सुरू केली. आयनेस्कोचं ‘खुर्च्या’, खानोलकरांचं ‘एक शून्य बाजीराव’, तेंडुलकरांची सुरुवातीची नाटकं हे त्या काळातलं. पुढे संस्थेत फूट पडली आणि १९७१ साली अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे यांनी ‘आविष्कार’ काढली. त्या फुटीबद्दल मराठीत भरपूर लिहिलं गेलं आहे, त्यातलं बरंचसं कोण कुणाला काय म्हणालं यावर. नव्या अभ्यासकानं ते सारं वाचावं आणि बाजूला ठेवावं. त्यातून माणसं कळतात, नाटक कळत नाही.

आता मुद्द्यावर येतो. दिग्दर्शकाचं काम वाचायची सगळ्यांत खात्रीची रीत म्हणजे तोच दिग्दर्शक तीच गोष्ट रंगमंचावरून पडद्यावर नेतो तेव्हा काय सोडतो आणि काय सोडत नाही, हे पाहणं. पुरस्कारांच्या याद्या, नाटकांची संख्या, परदेश दौरे यांनी कारकिर्दीची लांबी कळते, दिशा कळत नाही. विजयाबाईंना १९७५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि १९८७ साली पद्मश्री. ठीक आहे. पण त्यांनी जयवंत दळवींच्या ‘बॅरिस्टर’चं काय केलं, ते याहून बोलकं आहे.

‘बॅरिस्टर’ १९७७ सालचं. जुन्या ब्राह्मणी वाड्यात विलायतेहून शिकून आलेला बॅरिस्टर, सोवळी मावशी आणि तरुण विधवा राधा. बॅरिस्टरची सहानुभूती खरी आहे, पण वेळ आली की ती अपुरी पडते, आणि घराण्यातलं वेड त्याच्या मागावर आहेच. विक्रम गोखल्यांचा बॅरिस्टर ज्यांनी पाहिला ते आजही त्या आवाजाबद्दल बोलतात. मावशी स्वतः विजयाबाईंनी केली, राधा सुहास जोशींनी. १९८६च्या सुमारास याच नाटकाचा ‘रावसाहेब’ हा हिंदी चित्रपट त्यांनीच केला. रावसाहेब अनुपम खेर, राधिका तन्वी आझमी आणि मावशी पुन्हा विजयाबाई, ज्यासाठी त्यांना साहाय्यक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नट बदलला, भाषा बदलली, माध्यम बदललं. बदलली नाही ती मावशी. दिग्दर्शकानं स्वतःकडे ठेवलेली ही भूमिका म्हणजे त्या गोष्टीचा पाया कुठे आहे हे तिनं सांगितलेलं उत्तर आहे, असं मी समजतो. ही गोष्ट सुधारकाची आहे की सोसून कडक झालेल्या बाईची? दळवींची संहिता दोन्हीकडे झुकू देते. विजयाबाईंनी कौल मावशीकडे दिला आणि दोन्ही वेळा तो आपल्या अंगावर घेतला. माझं हे वाचन तुम्हाला पटलं नाही तर चांगलंच. पण खोडून काढताना पुरावा याच दोन कृतींतून आणा.

दुसरी जोडी अनिल बर्व्यांच्या ‘हमीदाबाईची कोठी’ची. मैफिलीचे दिवस संपत आलेली गाणारणीची कोठी, तिच्यावर वाढलेली मुलगी, भोवतीची छोटी-मोठी माणसं. रंगमंचावरच्या संचात नाना पाटेकर, अशोक सराफ, नीना कुळकर्णी होते. त्यांची पुढची वाट कुठे गेली ते सगळ्यांना ठाऊकच आहे. दिग्दर्शकाच्या कारकिर्दीचा हाही एक हिशेब असतो: तिच्या तालमीतून कोण बाहेर पडलं. बाईंच्या तालमीबद्दल नट जे सांगतात त्यात एक गोष्ट वारंवार येते, ती म्हणजे संवाद पाठ होण्याआधी पात्राचं घर, चालणं, उठण्या-बसण्याची सवय शोधायला लावणं. याच नाटकावर त्यांनी पुढे दूरदर्शनसाठी टेलिफिल्म केली. मंचावर कोठी म्हणजे एक जागा. प्रेक्षकाला ती कायम अख्खी दिसते, कोपऱ्यात गप्प बसलेल्या माणसासकट. कॅमेरा मात्र एका वेळी एकच चेहरा दाखवतो आणि कोपऱ्यातला माणूस नाहीसा होतो. त्या गप्प माणसाचं काय करायचं, हा रंगमंचावरून टीव्हीवर जाणाऱ्या प्रत्येक दिग्दर्शकापुढचा पहिला प्रश्न. नवख्याला वाटतं, क्लोजअप मिळाला म्हणजे नट जास्त दिसला. प्रत्यक्षात क्लोजअपमध्ये बाकी सगळे नट पुसले जातात.

तिसरी जोडी मला सर्वांत आवडते. महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ विजयाबाईंनी १९८५ साली रंगमंचावर आणलं आणि त्यावरून दूरदर्शनसाठी ‘हवेली बुलंद थी’ केलं. वऱ्हाडातल्या धरणगावच्या देशपांड्यांचा वाडा, तात्याजी गेल्यावर जमलेली भावंडं, अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर, रात्री सासरचे सगळे दागिने अंगावर घालून उभी राहिलेली वहिनी. या प्रसंगात संवादांपेक्षा शांततेला जास्त काम आहे. नाट्यगृहातली शांतता सामायिक असते. शे-पाचशे माणसं एकदम श्वास रोखतात आणि नटीला ते जाणवतं. टीव्हीवरची शांतता घरातल्या पंख्याच्या आवाजात, चहाच्या कपांच्या खणखणाटात पडते. इथे एक भाग्याची गोष्टही आहे. याच ‘वाड्या’पासून चंद्रकांत कुलकर्ण्यांनी १९९४ साली ‘आविष्कार’साठी ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ जोडून सलग त्रिनाट्यधारा केली. म्हणजे एका संहितेचे दोन दिग्दर्शक आणि त्यातल्या एकीचे दोन अवतार, असा त्रिकोण अभ्यासकाला आयता मिळतो. इतकी सोय इतर भाषांतही सहसा होत नाही.

आणि ‘स्मृतिचित्रे’? ते तर मुळात नाटकच नाही. लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र. त्यात कथानक शोधायला गेलं तर हाती घटना येतात, पण लक्ष्मीबाई निसटतात. कारण ते पुस्तक उभं आहे सांगण्याच्या ढबीवर, स्वतःवर हसण्यावर, नवरा ख्रिस्ती झाल्याचं दुःखसुद्धा अंगावर न ओढता सांगण्यावर. १९८२ साली दूरदर्शनसाठी विजयाबाईंनी त्यावर काम केलं, सुहास जोशींना घेऊन. घराघरांत बसलेल्या माणसाशी घरातलीच कुणी बाई बोलते आहे, हा टीव्हीचा सगळ्यांत जवळचा गुण त्यांनी इथे वापरला. रंगमंचावर हेच करायचं तर आवाज शेवटच्या रांगेपर्यंत फेकावा लागला असता आणि लक्ष्मीबाई आवाज फेकून बोलणाऱ्यांतल्या नव्हेत. १९९१ची ‘लाइफलाइन’ ही इस्पितळावरची मालिका त्यामानानं कमी चर्चिली गेली. मला वाटतं तिच्यावर कुणी तरी प्रबंध लिहायला हवा, कारण ती आठवड्याच्या मालिकेच्या चौकटीत नाटकवाल्या दिग्दर्शकानं किती सांभाळता येतं याचा नमुना आहे.

विजयाबाईंवर इतका वेळ थांबलो, कारण तिथे ऐवज आहे. पण सोलापूर जिल्ह्यातल्या माणसानं डॉ. जब्बार पटेल यांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. जन्म पंढरपूरचा, १९४२चा. शाळा सोलापूरची हरिभाई देवकरण. प्रा. श्रीराम पुजारी यांच्या घरी येणाऱ्या-जाणाऱ्या लेखक-गायकांच्या सहवासात तो मुलगा वाढला, हे त्यांनी स्वतः अनेकदा सांगितलं आहे. पुण्याला डॉक्टर झाले, दौंडला दवाखाना चालवला आणि त्याच काळात १६ डिसेंबर १९७२ला भरत नाट्य मंदिरात ‘घाशीराम कोतवाल’ उभं केलं. ते करणाऱ्या पीडीए, म्हणजे प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन, या संस्थेनं १९ प्रयोगांनंतर ते थांबवलं; २७ मार्च १९७३ला ‘थिएटर अकॅडमी’ निघाली आणि १९७४च्या जानेवारीत प्रयोग पुन्हा सुरू झाले.

‘घाशीराम’ अभ्यासकाला एक वेगळा धडा देतं. ब्राह्मणांची रांग हीच पडदा, हीच भिंत, हीच गर्दी. हे कुणाचं? तेंडुलकरांनी त्याची बीजं संहितेत पेरली आहेत. भास्कर चंदावरकरांच्या संगीताशिवाय ती रांग हललीच नसती, आणि कृष्णदेव मुळगुंदांच्या नृत्यरचनेशिवाय ती झुललीच नसती. मग दिग्दर्शकाच्या खात्यावर काय मांडायचं? हा प्रश्न ज्यांना आवडतो त्यांनी या विद्येत नक्की यावं, कारण त्याचं एकच उत्तर नाही. मदतीला एक तुलना आहे. १९७६ साली युक्त फिल्म को-ऑपरेटिव्हनं ‘घाशीराम कोतवाल’चा चित्रपट केला. के. हरिहरन, मणि कौल, सईद मिर्झा, कमल स्वरूप ही त्यातली नावं. त्यात नाना फडणीस मोहन आगाशेच, पण घाशीराम ओम पुरी. म्हणजे दिग्दर्शक वेगळे आणि नट अर्धे तेच. विजयाबाईंच्या जोड्यांत दिग्दर्शक स्थिर आणि बाकी जवळपास सगळं बदलतं, इथे नेमकं उलटं. दोन्ही प्रकारच्या जोड्या शेजारी ठेवल्या की दिग्दर्शकाचा वाटा अंदाजानं तरी मोजता येतो.

आता टीव्हीच्या कागदपत्रांतला एक सापळा सांगतो. दूरदर्शनमध्ये जे प्रत्यक्षात दिग्दर्शन करत त्यांचं पद बहुधा ‘निर्माता’ असं लागे. स्टुडिओत तीन कॅमेरे, वर पॅनेलवर निर्माता बसलेला, कुठल्या क्षणी कुठल्या कॅमेऱ्याचं चित्र घ्यायचं हे जागच्या जागी ठरवणारा. रंगमंचावरचा दिग्दर्शक तिसऱ्या घंटेनंतर हतबल होऊन प्रेक्षागृहाच्या मागच्या बाजूला उभा राहतो. टीव्हीचा दिग्दर्शक त्याच क्षणी सगळ्यांत जास्त सत्तेवर असतो. हा फरक ज्याला उमगला त्याला विनय आपट्यांची कारकीर्द वाचता येते. मुंबई दूरदर्शनवर ‘गजरा’सारखे कार्यक्रम त्यांनी केले. १९८१ साली तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ रंगमंचावर आणलं, जेव्हा दोन बायकांमधल्या प्रेमाबद्दल मराठीत कुणी उघड बोलत नव्हतं. १९९८ साली ‘मी नथुराम गोडसे बोलतोय’ केलं, ज्याच्या वादात दिग्दर्शनाकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. आणि १९९९ साली ‘अल्फा मराठी’ सुरू झाल्यावर ‘आभाळमाया’. २०१३ साली ते गेले. बंद स्टुडिओ, खुलं व्यासपीठ, रोजची मालिका या तिन्ही ठिकाणी एकच माणूस काम करतो तेव्हा त्याची सही नेमकी कुठे शोधायची? माझा अंदाज, पात्रयोजनेत. आपट्यांचा नट निवडण्यातला धाक आणि आवाजावरचा भरवसा सगळीकडे दिसतो.

सई परांजपे यांचा मार्ग उलट दिशेचा. राष्ट्रीय नाट्य विद्यालय, मग दिल्ली दूरदर्शन, मग चित्रपट, आणि अधूनमधून मराठी रंगमंचावर ‘जास्वंदी’, ‘सख्खे शेजारी’. ‘चश्मेबद्दूर’ची गोष्ट आधी ‘धुआँ धुआँ’ या नावानं दूरदर्शनवर होऊन गेली होती. टीव्हीचा पडदा त्यांच्यासाठी कच्च्या आराखड्याची जागा ठरला. तिथे कमी खर्चात गोष्ट तपासता येत असे. आजच्या वाहिन्यांवर असा कच्चा आराखडा तपासायला जागा उरलेली नाही, हे थोडं वाईट झालं.

रोजच्या मालिकेचा दिग्दर्शक हे तर या विद्येतलं अजून न नांगरलेलं रान. भाग रोज जायचा, चित्रित झालेले चार भाग हाताशी शिल्लक असले तरी भाग्य, लेखन आदल्या रात्री येणार, एका युनिटचा दिग्दर्शक आणि दुसऱ्या युनिटचा दिग्दर्शक वेगळा. अशा कामात कर्तृत्व कुणाचं म्हणायचं? अक्कलकोटकरांना या प्रश्नाचा अनुभव घरचाच आहे. २०२०च्या डिसेंबरात ‘कलर्स मराठी’वर ‘जय जय स्वामी समर्थ’ सुरू झाली आणि सेटवर उभं केलेलं अक्कलकोट रोज संध्याकाळी खऱ्या अक्कलकोटात दिसू लागलं. वटवृक्षाखाली, समाधी मठात जाऊन आलेला माणूस घरी येऊन दुसरंच अक्कलकोट बघतो. स्वामी १८७८ साली समाधिस्थ झाले. तेव्हाच्या संस्थानी गावात मराठी, कानडी, दखनी अशी सरमिसळ बोलली जात असणार, कारण आजही बोलली जाते. मालिकेतलं गाव बहुतांशी प्रमाण मराठी बोलतं. हे दिग्दर्शकाचं अज्ञान आहे असं मी म्हणणार नाही. राज्यभर कळेल अशी भाषा ही वाहिनीची अट असते. पण मालिकेचा दिग्दर्शक नेमका कशावर निर्णय घेऊ शकतो आणि कशावर नाही, हे शोधायचं असेल तर या गावाइतकी चांगली जागा नाही. इथल्या प्रत्येकाला मूळ ठाऊक आहे.

साधनांबद्दल थोडं, कारण नवे लोक इथेच अडतात. छापील नाटक म्हणजे प्रयोग नव्हे. शोधायची ती रंगावृत्ती, म्हणजे तालमीत कापलेली, समासात हालचाली आणि उजेडाच्या खुणा लिहिलेली प्रत. ती बहुधा दिग्दर्शकाकडे नसते, प्रॉम्प्टरकडे किंवा व्यवस्थापकाच्या ट्रंकेत असते. महाराष्ट्रात प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते. त्या प्रतींवर मारलेल्या खुणा म्हणजे दिग्दर्शकाच्या लढ्याचा नकाशाच. ‘सखाराम बाइंडर’च्या कापाकापीविरुद्ध त्याचे दिग्दर्शक कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले, ती हकीकत त्यांच्याच ‘बाइंडरचे दिवस’मध्ये आहे. दिग्दर्शकानं स्वतः लिहिलेली इतकी रोखठोक पुस्तकं कमी. ‘झिम्मा’ हे विजयाबाईंचं २०१२चं आत्मकथन त्याहून शांत, पण तालमीच्या वर्णनांत बारकाव्यांनी भरलेलं. आठवणींची पुस्तकं वाचताना एकच पथ्य पाळा. लेखक कौतुक करतो तिथे पुढे सरका, आणि एखादी हालचाल, एखादा दिवा, एखादं नाकारलेलं नेपथ्य यांचं वर्णन आलं की थांबा.

वृत्तपत्रांच्या शेवटच्या पानावरच्या नाटकांच्या जाहिराती कुणी जपत नाही, पण प्रयोग कुठे, कधी, किती झाले आणि केव्हा संच बदलला याचा तो सर्वांत विश्वासू दप्तरखाना आहे. टेपांचं मात्र दुःख आहे. दूरदर्शनच्या सुरुवातीच्या काळात टेप महाग होती आणि एका कार्यक्रमावर दुसरा कार्यक्रम भरला जाई. लोकांना वाटतं नाटक विरतं आणि टीव्ही टिकतो. सत्तरच्या दशकाबाबत ते खरं नाही. तिथे नाटकाचे प्रेक्षक अजून बोलायला हयात आहेत आणि टेप पुसली गेलेली आहे.

म्हणूनच प्रेक्षकांच्या मुलाखती हे या अभ्यासाचं साधन म्हणून मी नटांच्या मुलाखतींच्या बरोबरीनं धरतो. नट स्वतःची भूमिका सांगतो. तिसाव्या रांगेतल्या माणसाला पूर्ण रंगमंच आठवतो, फक्त त्याला कुणी विचारत नाही. सोलापूरला गिरणी कामगारांनी नाटकं केली, पाहिली. राज्य नाट्य स्पर्धा १९५४पासून चालू आहे आणि सोलापूर केंद्रावर वर्षानुवर्षं हौशी संच उतरले. अतुल कुलकर्णींसारखा नट तिथल्या ‘नाट्य आराधना’तून पुढे गेला. त्या हौशी संचांचे दिग्दर्शक कोण होते, त्यांनी ‘बॅरिस्टर’ किंवा ‘घाशीराम’ पाहून येऊन आपल्या नाटकात काय उचललं, हे लिहून काढलं तर मुंबईच्या दिग्दर्शकाचा प्रभाव जिल्ह्यात कसा झिरपतो याचा आलेख निघेल. मोठ्या दिग्दर्शकाच्या कारकिर्दीचा शेवटचा भाग तिथे असतो, त्याच्या स्वतःच्या नाटकात नसतो.

सीमेवरच्या अभ्यासकाकडे आणखी एक भांडवल आहे, ते पुण्या-मुंबईच्या माणसाकडे नाही. गिरीश कर्नाडांचं ‘हयवदन’ मूळ कानडी. मराठीत ते चिं. त्र्यं. खानोलकरांनी आणलं आणि विजयाबाईंनी रंगमंचावर उभं केलं. ‘तुघलक’ तेंडुलकरांनी मराठीत केलं. तेच कर्नाड जब्बार पटेलांच्या १९८२च्या ‘उंबरठा’त स्मिता पाटीलसमोर नट म्हणून उभे राहिले. अक्कलकोट, मैंदर्गी, दुधनी, नागणसूर इथल्या कितीतरी घरांत दोन्ही भाषा सहज वाचल्या जातात. मूळ कानडी ‘हयवदन’ आणि मराठी संहिता समोरासमोर ठेवून, यक्षगान आणि बयलाट या कानडी लोकनाट्यांची ओळख असलेल्या माणसानं विजयाबाईंच्या प्रयोगाची वर्णनं वाचली, तर त्यांनी लोकनाट्यातलं काय घेतलं आणि काय शहरी डोळ्यासाठी गुळगुळीत केलं, हे तो सांगू शकेल. मला त्याचं उत्तर ऐकायची उत्सुकता आहे. जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेवित्झ यांच्यासोबत त्यांनी ब्रेख्तचं ‘अजब न्याय वर्तुळाचा’ केलं आणि जब्बारांनी पु. ल. देशपांड्यांच्या लेखणीतून ‘तीन पैशाचा तमाशा’. हा ब्रेख्त मराठी तमाशाला किती मानवला, याबद्दल खूप लिहून झालं आहे. कर्नाड आणि बयलाट यांच्याबद्दल मात्र मराठीत जवळपास काही नाही.

सुरुवात कुठून करायची, असं विचाराल तर ‘वाडा चिरेबंदी’चं छापील पुस्तक घ्या. दागिन्यांच्या प्रसंगातली प्रत्येक रंगसूचना वेगळ्या कागदावर उतरवा, मग ‘हवेली बुलंद थी’ मिळेल तिथून मिळवून तोच भाग आवाज बंद करून पाहा आणि त्यातल्या किती सूचना पडद्यावर उरल्या ते टिपा. आवाज नंतर सुरू करा. त्यानंतर आपल्याच गल्लीतला एखादा म्हातारा गाठा, ज्यानं सत्तर-ऐंशीच्या दशकात सोलापुरात किंवा गुलबर्ग्यात नाटकं पाहिली आहेत. त्याला गोष्ट विचारू नका. पडदा उघडला तेव्हा काय दिसलं, कोण कुठून आलं, दिवे कधी मंद झाले, हे विचारा. तो कानडीत सांगू लागला तर सांगू द्या, आणि तुम्हाला कानडी येत नसेल तर येणाऱ्या कुणाला सोबत न्या.